दगडावरचा उंबर

सिस्टर झाडाला पाणी घालायच्या आधी त्याचा ताप बघायच्या. उजव्या हाताचा मागचा भाग अलगद दगडाला टेकवायच्या, मान थोडी तिरकी करायच्या आणि डोळे मिटून क्षणभर थांबायच्या. लहान मुलाच्या कपाळाला लावतो तसाच हात. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला हसू आलं. त्यांनी माझ्याकडे न बघताच ते ओळखलं.

"हसू नको. दगड अजून तापेल शे. आते पानी टाकं तं मुयी शिजी जाई."

मुयी म्हणजे मुळी. शहाद्याकडे आल्यावर मी शिकलेल्या पहिल्या काही शब्दांपैकी हा एक. मी साताऱ्याकडची. इथल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली होती आणि सिस्टरांच्या घराची मागची खोली मला भाड्याने मिळाली होती. चार वर्षं मी तिथे राहिले. त्या निवृत्त नर्स होत्या. सारी नोकरी त्यांनी सातपुड्यात, नर्मदेच्या काठच्या गावांत काढली होती. गल्लीत सगळे त्यांना सिस्टर म्हणत, आणि मीही तेच म्हणू लागले. त्यांना नावाने हाक मारणारं माणूस मी चार वर्षांत पाहिलं नाही.

गच्चीवर त्यांची तीसेक झाडं होती. वड, पिंपळ, उंबर, पायर, सगळी हातभर उंचीची. एकही झाड नुसत्या मातीत नव्हतं. उथळ ताटात एक काळा दगड उभा, त्या दगडाच्या डोक्यावर झाड, आणि झाडाची मुळं दगडाला चहूबाजूंनी कवटाळून खाली ताटातल्या मातीत उतरलेली. मुळांची जाडी कुठे सुतळीएवढी, कुठे अंगठ्याएवढी. काही ठिकाणी ती दगडाच्या खाचेत अशी रुतलेली, की दगड कुठे संपतो आणि मूळ कुठे सुरू होतं ते बोट फिरवल्याशिवाय कळायचं नाही. बोट फिरवायला मात्र परवानगी नव्हती.

प्रत्येक ताटाला पांढरी चिकटपट्टी लावलेली आणि तिच्यावर निळ्या पेनाने एकेका गावाचं नाव. ज्या ज्या गावात त्यांनी ड्युटी केली, तिथला एक दगड त्यांनी उचलून आणला होता. त्यातली काही गावं आता पाण्याखाली आहेत.

दगडाच्या बाबतीत त्या फार काटेकोर होत्या. गल्लीतल्या बायका दर्शनाला प्रकाशा या तीर्थाला गेल्या की येताना सिस्टरांसाठी तापीतला एखादा सुंदर गोल गोटा घेऊन यायच्या. सिस्टर तो हातात घ्यायच्या, उन्हात फिरवून बघायच्या आणि परत द्यायच्या. "गुयगुयीत शे. मुयी घसरी जास. घरमा ठेव, देवजोडे," म्हणजे देवाजवळ ठेव, म्हणायच्या. त्यांना हवा असायचा खडबडीत, भेगांचा, पाण्याने कुरतडलेला दगड. तो दात घासायच्या ब्रशने धुवायचा. मग रोपाची लांब मुळं विंचरल्यासारखी मोकळी करायची, दगडावर शेणमातीचा हात फिरवायचा आणि एकेक मूळ खाचेत बसवायचं. त्यावरून घट्ट पट्टी बांधायची. इतर लोक सुतळी वापरतात म्हणे, प्लास्टिक वापरतात. सिस्टर दवाखान्यातली जाळीची पट्टी वापरायच्या, आणि तीही अशा सफाईने, की एक वळसा कमी नाही की जास्त नाही. मग ते सगळं गाठोडं एका पत्र्याच्या डब्यात वाळूमातीत पुरून टाकायचं. फक्त शेंडा वर. दोन पावसाळे त्याला हात लावायचा नाही.

"दोन वर्षं?" मी विचारलं होतं. "मध्ये बघायचं तरी, मुळं धरली की नाही?"

"मुयी आंधयी ऱ्हास. तिले चाचपडू दे. तू देखाले गई का ती लाजस."

झाडं म्हणजे पेशंट. पान पिवळं पडलं की केसपेपर निघायचा, खरोखरचा, जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांचा. छाटणीची कात्री उकळून घ्यायच्या. बारीक फांदी धरायला त्यांच्याकडे शस्त्रक्रियेचा चिमटा होता. उन्हाळ्यात इथे डांबर पायाला चिकटतं, तेव्हा त्या गच्चीवर ओली गोणपाटं टांगायच्या आणि सलाइनच्या जुन्या बाटल्यांतून प्रत्येक दगडावर थेंबथेंब पाणी सोडायच्या. मी एकदा वर गेले तर त्या एका बाटलीखाली उभं राहून घड्याळात बघत थेंब मोजत होत्या. निवृत्त होऊन त्यांना तेव्हा चार वर्षं झाली होती. पायात मात्र ड्युटीचेच पांढरे बूट.

सुरतेहून एकदा त्यांच्या भावजयीच्या माहेरची एक बाई आली. नवा बंगला बांधला होता, दिवाणखान्यात ठेवायला झाड हवं होतं. सिस्टरांनी विचारलं, "दिवाणखान्यात ऊन येतं?" नाही म्हणाली. एसी असतो, म्हणाली. सिस्टर म्हणाल्या, "मंग आजारी कोन शे तठे, ज्याना जोडे ठेवशी?" त्या बाईला प्रश्न समजला नाही. ती हसली आणि फोटो काढण्यासाठी एक झाड बुंध्याला धरून उचलायला गेली. सिस्टरांनी तिच्या हातावर फटका मारला. चांगला आवाज आला. मग त्यांचा त्यांनाच धक्का बसला असावा, कारण त्या घाईघाईने खाली गेल्या आणि मलमाची ट्यूब घेऊन आल्या. पण तोवर ती बाई चपला घालून निघून गेली होती.

त्या मूळच्या म्हसावदच्या. भावांची केळीची आणि उसाची शेती, मोठं खटलं. त्या काळी पाटलाची मुलगी डोंगरात जाऊन परक्या बायकांची बाळंतपणं करणार, हे घरात कुणाला पटलं नव्हतं. लग्नाच्या गोष्टी निघाल्या तशा विरल्या. भाऊ दिवाळीला यायचा, केळीचा घड आणि गव्हाचं पोतं ओट्यावर ठेवायचा, "बरं शे ना?" विचारायचा. "बरं शे," असं त्या म्हणायच्या. तो गाडी वळवायचा. गच्चीवर काय आहे, ते त्याने कधी पाहिलं होतं की नाही कोण जाणे.

गल्लीही तशी लांबूनच वागायची. वाईट कुणी नव्हतं. कुणाचं मूल तापलं की रात्रीबेरात्री सिस्टरांचं दार वाजायचं. पण सण आला, हळदीकुंकू आलं, की बोलावणं यायचं नाही. आणि गच्चीवरच्या त्या पुरलेल्या डब्यांबद्दल लोक आपापसांत काय बोलतात, ते मला पहिल्या पावसाळ्यातच कळलं.

झालं असं. एका डब्याचे दोन पावसाळे पूर्ण झाले होते. सिस्टरांनी सकाळी तो उपडा केला आणि वाळू झटकून आतलं गाठोडं मांडीवर घेतलं. पट्टी मळून तांबूस झालेली. आकार साधारण तान्ह्या मुलाएवढा. समोरच्या माडीवर एक सून कपडे वाळत घालत होती. तिने ते पाहिलं आणि किंचाळली. अर्ध्या तासात दारात माणसं जमली, आणि थोड्या वेळाने एक हवालदारही आला. नर्सने डब्यात पोर पुरलं होतं, अशी बातमी तोवर चौकापर्यंत गेली होती.

मी कामावर निघाले होते, ती जिन्यातच थांबले. हवालदार इथलाच, पन्नाशीचा. तो बिचारा संकोचला होता.

"बाई, काय शे हाई? लोके काय बी सांगी ऱ्हायनात."

सिस्टर उठल्या नाहीत. "बठ भाऊ. आते उना शेस तं देखीसन जाय."

आणि त्यांनी सगळ्यांसमोर पट्टी सोडायला घेतली. एकेक वळसा. घाई केली नाही. पट्टी मुळांना चिकटली होती तिथे पाण्याचा हबका मारायच्या, थांबायच्या, मग पुढे. शेवटचा वळसा सुटला आणि काळ्या दगडावर पांढरी मुळं दिसली. ओली, कोवळी, दगडाच्या प्रत्येक भेगेत शिरलेली. सिस्टरांनी झाड शेंड्याला धरून हळूच वर उचललं. त्याच्याबरोबर दगडही उचलला गेला. एकही मूळ सुटलं नाही.

"आयला," हवालदार म्हणाला. "धरी लिधं वं त्यानी."

लोक हसले, पांगले. समोरची सून खाली येऊन माफी मागून गेली. सिस्टर तिला "जाऊ दे" म्हणाल्या. पण संध्याकाळी मी परत आले तेव्हा त्या तशाच बसल्या होत्या, मांडीवर ओली पट्टी, आणि ते नवं झाड अजून ताटात लावलेलं नव्हतं. मुळं सुकतील म्हणून मीच त्यावर ओलं फडकं टाकलं.

"मन्हा हातवर कितला पोरे जलमनात," त्या म्हणाल्या. "आनि मी पोर पुरसू?"

त्यांच्या शेजारी बसावं एवढंही मला तेव्हा सुचलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एक माणूस आला. तिशीचा, अंगाने काटक, खिशाला जीपची किल्ली अडकवलेली. तळोदा आणि धडगावच्या मधे प्रवासी जीप चालवतो, म्हणाला. सिस्टर दारातच उभ्या होत्या, मी मागे.

"नर्सबाई, आमच्या दारातला दगड तुमच्याकडे आहे, असं लोक म्हणतात."

"कोनतं गाव?"

त्याने गावाचं नाव सांगितलं. मणिबेलीच्याही पुढे, बोटीनेच जायचं असं गाव. गाव आता नाही. धरणाचं पाणी चढलं तेव्हा तिथली माणसं तळोद्याकडच्या एका वसाहतीत येऊन राहिली.

सिस्टरांनी त्याला गच्चीवर नेलं. अगदी कोपऱ्यात, सावलीत, एक उंबर होता. त्यांच्याकडचं सर्वांत जुनं झाड, पंचवीस वर्षांचं. बैठ्या, चपट्या दगडावर पसरलेलं, खाली वाकून पाणी प्यायला निघाल्यासारखं. तो माणूस त्याच्यासमोर उकिडवा बसला. हात गुडघ्यांवर. झाडाकडे तो बघतच नव्हता, दगडाकडे बघत होता. तासभर बसला असेल. उठताना त्याने विचारलं, "मला द्याल का?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या. मराठीत, दवाखान्यात बोलायच्या त्या आवाजात. "हे झाड इथून हलवलं तर मरेल."

तो गेला. त्या दिवशी त्यांनी मला त्या दगडाची हकीकत सांगितली. सांगताना त्या सर्व वेळ कात्री पुसत होत्या.

सिस्टर त्या गावी लस टोचायला गेल्या होत्या. पहाटे एका बाईला मुलगा झाला, चांगला रडका, ठणठणीत. पण बाईचं रक्त थांबेना. जवळ होतं ते इंजेक्शन दिलं. दवाखान्यात न्यायला बोट हवी होती आणि बोट दुसऱ्या काठाला गेलेली. एक जण काठाकाठाने पळत निरोप घेऊन गेला. बाईला खाटेवर घालून बाहेर अंगणात आणलं, उंबराच्या सावलीत. खाटेशेजारी बसायचा एक चपटा दगड होता. त्या दगडावर बसून सिस्टर तिचं पोट दाबत राहिल्या. सकाळ गेली, दुपार झाली. बोट आली तेव्हा ती बाई गेलेली होती.

"मंग?"

"मंग काय. त्याच बोटमा बठीसन मी निंघी उनू. कोनाकडे देखं नही."

कुणी त्यांना एक शब्द बोललं नाही. बोट निघाली तेव्हा सगळं गाव काठावर उभं होतं, मुकं. त्या मुक्या गर्दीचा अर्थ त्यांनी आपल्या मनाने लावला. पुढे त्यांनी त्या गावाची ड्युटी दुसरीला बदलून दिली. काही वर्षांनी पाणी चढणार म्हणून लोकांनी घरांची लाकडं, दारं उतरवून नेली, आणि गाव मोकळं झालं. तेव्हा त्या एकदा एकट्या तिथे जाऊन आल्या. अंगणातला तो दगड तिथेच होता. त्याच्या भेगेत बोटभर उंबर उगवला होता.

"ते रडकं पोर म्हंजे हाऊच," त्या म्हणाल्या.

"तुम्ही त्याला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? तुन्ही माय मन्हा हातखाले मरी गई?"

तो पुन्हा आला, पंधरा दिवसांनी. काही न मागता बसून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा बरोबर बायको आणि चार वर्षांची मुलगी होती. मुलीने विचारलं, "हा आजीचा दगड?" त्याने मान हलवली. त्याला सगळं ठाऊक होतं. त्याच्या आत्याने त्याला लहानपणापासून सांगितलं होतं. आईचा फोटो नव्हता, घर नव्हतं, गाव नव्हतं. ती शेवटचा दिवस ज्याच्या शेजारी निजली होती, तो दगड मात्र होता.

सिस्टर खाली गेल्या आणि एक कागद घेऊन आल्या. डिस्चार्ज कार्ड. त्यावर लिहिलं होतं : सकाळ-संध्याकाळ पाणी. दुपारी सावली. दोन वर्षांतून एकदा मुळांची छाटणी, त्यासाठी मला बोलावणे. ताटातून काढू नये. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा. तो उंबर जीपमध्ये ड्रायव्हरशेजारच्या सीटवर गेला. बायको आणि मुलगी मागे बसल्या.

त्यानंतर कितीतरी दिवस सिस्टर त्या रिकाम्या कोपऱ्यात दुसरं झाड ठेवत नव्हत्या. झाडून घ्यायच्या तेवढं.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी तो जीपवाला आनंदाने आला आणि त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. उन्हाळ्यात उंबराची पानं गळाली, म्हणाला. ताट बकरीने पाडून फोडलं. घाबरून त्याने झाड दगडासकट घरापुढच्या जमिनीत लावलं, आणि आता बघा! फोटोत मुलगी उभी होती आणि उंबर तिच्या डोक्याच्या वर गेला होता. सिस्टरांनी फोन परत दिला आणि जिना चढून वर गेल्या. तो खाली उभा राहिला, मग गेला.

"मारी टाकं त्यानी," त्या मला म्हणाल्या.

"अहो, वाढलाय तो."

"मी पंचवीस वरीस काय करी ऱ्हायनती मंग?"

दोन वर्षं त्यांनी त्याचं नाव काढलं नाही. तो रस्त्याने जाताना दारासमोर हॉर्न वाजवायचा. त्या गच्चीवर असल्या तर आत सरायच्या. त्या दोन वर्षांत त्या अधिकच गप्प झाल्या. झाडांची छाटणी वाढली. मला तर वाटायचं, त्या पानं येऊच देत नाहीत. मी एकदा तसं म्हणाले, तर मला आठ दिवस वर यायची बंदी झाली.

मग पोलिओच्या मोहिमेत माझी ड्युटी त्या वसाहतीत लागली. सरळ रेषेतली घरं, पत्रे, मधे रुंद मोकळे रस्ते. त्या उघड्या माळावर एका घरापुढे एवढी गर्द सावली होती, की लांबूनच ओळखू आली. उंबर पत्र्याच्या वर गेला होता. बुडाशी मुळं हाताच्या मनगटाएवढी. दगड शोधावा लागला. सावलीत खाटेवर एक म्हातारी बसली होती, उजव्या डोळ्यात फूल पडलेलं. मी शहाद्याची म्हटल्यावर तिने मोडक्या मराठीत विचारलं, "उंबरवाली नर्सबाई कशी आहे? जिवंत आहे ना?"

हे मी संध्याकाळी सिस्टरांना सांगितलं. उंबराच्या उंचीचं त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. म्हातारीचं सांगितल्यावर कात्री खाली ठेवली.

"कोनत्या डोयामा फूल?"

"उजव्या."

"मरी गई ती तिनी वहिनी व्हती," एवढंच त्या म्हणाल्या. "खाटना दुसरा बाजूले तीच बठेल व्हती, दिवसभर."

रविवारी सकाळी त्या माझ्या दाराशी आल्या. पांढरे बूट, हातात छत्री. "चाल," म्हणाल्या. कुठे, ते मी विचारलं नाही.

बसने आम्ही तळोद्याला गेलो. तिथून पुढे वसाहतीपर्यंत रिक्षा. वाटेत त्या इतक्या ताठ बसल्या होत्या, की मला वाटलं मधेच उतरतील. घर आलं. तो जीपवाला घरी नव्हता, भाड्यावर गेला होता. त्याच्या बायकोने ओळखलं आणि पाणी आणायला धावली. म्हातारी खाटेवरच होती. सिस्टर उंबराकडे बघत नव्हत्या. खाटेपासून दोन पावलांवर थांबल्या, छत्री दोन्ही हातांत धरून.

म्हातारी भिली बोलीत काहीतरी म्हणाली. सिस्टरांनी भिलीतच उत्तर दिलं, अगदी हळू. मग म्हातारी बराच वेळ बोलली, हातवारे करत, आवाज चढवून. मला वाटलं भांडते आहे. सिस्टर ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांची छत्री खाली पडली. त्या खाली वाकल्या खऱ्या, पण छत्री उचलायला नाही. तशाच म्हातारीच्या पायाशी जमिनीवर बसल्या. म्हातारीने त्यांचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं आणि ती त्यांच्या पांढऱ्या केसांतून बोटं फिरवू लागली. अजूनही ती रागातच बोलत होती.

जीपवाल्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याशेजारी उभी होती. मी तिला विचारलं, "काय म्हणतात त्या?"

"म्हणते, तू आली का नाहीस इतकी वर्षं? आम्हाला वाटलं, तू आमच्यावर रागावलीस. आमची बोट उशिरा आली म्हणून." तिने जरा ऐकलं. "म्हणते, बोट माझा नवरा चालवायचा. तो त्या दिवशी पलीकडे बाजाराला गेला होता. तुला तोंड दाखवायची आम्हाला लाज होती. म्हणून कुणी बोललं नाही. नवरा मरेपर्यंत म्हणत होता, नर्सबाईकडे जाऊन ये."

दुपारभर आम्ही तिथे होतो. भाकरी खाल्ली. सिस्टर उठताना एकदा उंबराकडे गेल्या. दोन मुळांच्या मधे हात घातला, कोपरापर्यंत, आणि आत चाचपून बघितलं. दगड लागला असावा. त्यांनी हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

परतीच्या बसमध्ये त्या शहादा येईपर्यंत बोलत होत्या. कुठल्या गावात कुणाचं बाळंतपण, कोण पायाळू जन्मलं, कुणाच्या घरात दिवा नव्हता, कोणत्या बाईने नाळ कापायच्या आधीच चहा मागितला. चार वर्षांत मी त्यांच्या तोंडून जेवढं ऐकलं नव्हतं तेवढं त्या दीड तासात ऐकलं.

स्टँडवर उतरल्यावर मी धीर करून विचारलं, "आता बाकीची झाडं? तीही जमिनीत लावायची का?"

"नही," त्या म्हणाल्या. "ते झाड तेसनं व्हतं. ह्या मन्हा शेतस."

घरी आलो. मी माझ्या खोलीकडे वळले तर त्यांनी कुलूप काढता काढता हाक मारली. "चहा ले."

माझ्या खोलीत त्या कितीदा तरी बसल्या होत्या. गच्चीवर मी रोज जायचे. पण गच्चीचा जिना बाहेरून होता, आणि त्यांच्या घराच्या आत मी कधीच गेले नव्हते. आत एक खोली. एक खाट, एक खुर्ची. भिंतीवर काही नाही, कॅलेंडरसुद्धा नाही. मांडणीवर एक ताट, एक वाटी, एक तांब्या, एक कप. मला खुर्चीवर बसवून त्यांनी चहा ठेवला, गाळला, कप भरून माझ्या हातात दिला. उरलेला चहा आमटीच्या वाटीत ओतला आणि खाटेवर बसून त्या वाटीने पिऊ लागल्या.

"तेस्ले वाटे, मीच रागे भरायनी," त्या म्हणाल्या. जरा वेळाने पुन्हा म्हणाल्या, "तीस वरीस, व पोरी."

या वेळी मात्र मी खुर्चीवरून उठले आणि त्यांच्याशेजारी खाटेवर जाऊन बसले. त्यांनी सरकून जागा दिली. चहा संपल्यावर त्यांनी माझ्या हातातला कप घेतला, वाटी घेतली आणि विसळायला मोरीकडे गेल्या. नळ बराच वेळ वाहत राहिला.